फोनवर सांगायचं नसतं

मुशीतलं सोनं अजून पातळ व्हायचं होतं, तेवढ्यात पोपटशेठ आत आले आणि माझ्या हातातला चिमटा त्यांनी आपल्या हातात घेतला.

"सर बाजूला," ते म्हणाले. "हितनं पुढं मी बघतो. तू हातपाय धू."

मालकानं भट्टीवरच्या गड्याचा चिमटा घ्यायचा, असं आमच्या गलाईच्या धंद्यात होत नाही. सोनाराकडची मोड, जुने दागिने, दुकानातला केर आमच्याकडे येतो. आम्ही तो वितळवून, तेजाबात धुऊन त्यातलं चोख सोनं वेगळं काढून देतो. मूस एकदा भट्टीत गेली की सोनं ओतून होईपर्यंत कुणी जागचं हलत नाही, कारण बाहेर बाकावर सोन्याचा धनी बसलेला असतो आणि त्याचा जीव आत असतो. मदुरैच्या त्या दुकानात मी आठ वर्षं भट्टीपुढं बसत होतो. आठ वर्षांत शेठनी चिमट्याला एकदाही हात लावला नव्हता. मोरीवर हात धुता धुता मला सगळं कळून चुकलं.

"कुणाचा फोन?" मी विचारलं.

"तुझ्या बहिणीचा, मालनचा. आई जरा सिरियस हाय म्हणं. सारखी तुझी आठवण काढतीया. जाऊन ये."

बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, मुशीकडे बघत होते.

आमच्या खानापूर तालुक्यात घरटी एक तरी माणूस गलाईला बाहेर असतो. कुणी केरळात, कुणी पंजाबात, कुणी ओडिशात. जिथं सोनार, तिथं आमच्याकडचा गडी. गावात उरतात म्हातारी माणसं, आणि त्यांच्या हातात आम्ही घेऊन दिलेले फोन. एवढ्या लांबवर पांगलेल्या माणसांनी आपसात एक रीत पाळली होती. फोनवर मयत सांगायची नाही. दोन-दोन दिवसांचा प्रवास असतो, माणूस वाटेत काही करून घेईल, कुठं उतरून जाईल, म्हणून 'सिरियस आहे' एवढंच सांगायचं. त्याला जोडून 'आठवण काढतोय' असंही म्हणायचं. ऐकणाऱ्यानं उलटं विचारायचं नाही. आदल्या वर्षी दुकानातल्या वसंताचे वडील गेले, तेव्हा हेच शब्द मी त्याला सांगितले होते. तो माझा हात धरून म्हणाला, "रावसाहेब, खरं सांग." मी गळ्याशपथ म्हणून सांगितलं, की म्हातारा बोलतोय, चहा पितोय.

माझं नाव रावसाहेब. आईनं हौसेनं ठेवलं. नावात राव आणि साहेब दोन्ही आले, नशिबात मात्र भट्टी आली.

भट्टी पेटली की आम्हा सगळ्यांचे फोन एका पत्र्याच्या डब्यात जायचे. जोतीतात्यांनी तो डबा उघडला, माझा फोन काढला आणि आपल्या बंडीच्या खिशात घातला. तात्या आमच्यातले सगळ्यांत जुने. साठीला आलेले, बोटं तेजाबानं कायमची पिवळी पडलेली. "मीबी येतो तुज्यासंगं," ते म्हणाले. "बरेच दिस झालं, गावाकडं जायचंच हुतं."

हीसुद्धा रीतच. ज्याचं माणूस गेलं त्याचा फोन काढून घ्यायचा, म्हणजे कुणी दूरचा पावणा फोन करून बोलून बसणार नाही. आणि त्याला सोबत द्यायची. आजाऱ्याला बघायला निघालेल्या माणसाला कुणी सोबत देत नाही. शेठच्या बायकोनं करून दिलेला चहा प्यालो आणि पिशवी भरली.

संध्याकाळच्या गाडीत बसलो. सोमवार होता. चैत्राचं ऊन, डब्याचा पत्रा हात लावू देत नव्हता. आमचा मार्ग असा: मंगळवारी सकाळी बंगळूर, तिथून संध्याकाळची गाडी, बुधवारी सकाळी मिरज, मग दुपारी गाव. मी मनातल्या मनात तास मोजत होतो. मी एकुलता एक मुलगा. वडील मी तिसरीत असताना गेले. मला आता एवढंच पाहिजे होतं, की आईचं तोंड बघायला मिळावं आणि अग्नी माझ्या हातून जावा. पण हे विचारायचं कुणाला? विचारलं तर तात्यांना खोटं बोलावं लागणार.

बऱ्याच वेळानं मी म्हणालो, "तात्या, विट्यात बरफ मिळतो का हो?"

तात्या खिडकीबाहेर बघत होते. "मिळत असंल की," ते म्हणाले. "रसवंतीवाल्यांकडं असतोच."

मी पिशवी उशाला घेऊन आडवा झालो.

मंगळवारी सकाळी बंगळूरला उतरलो. फलाटावरच्या नळावर तोंड धुतलं, तात्यांनी इडल्या आणल्या. मला घास उतरेना. समोरच्या घड्याळात सात वाजले होते. रोज सातला आईचा फोन यायचा. घरात रेंज नव्हती, म्हणून ती फोन घेऊन देवळामागच्या उंचवट्यावर जायची. एवढं चढून यायची आणि विचारायची काय, तर "जेवलास का? तिकडं पाऊस हाय का?" एप्रिलात मदुरैला पाऊस कुठला? पण विचारायची. सकाळी सातला कोण जेवतं, हेही मी तिला दहादा सांगितलं होतं. भट्टी पेटायच्या आधीची ती दोन मिनिटं मला कधी कधी कंटाळवाणी वाटायची. हे कबूल करायला लाज वाटते, पण वाटायची.

तात्यांच्या खिशात फोन वाजला.

त्यांनी काढून बघितला आणि तळहातानं झाकला. पण मला दिसलंच. पडद्यावर 'आई' असं नाव होतं. घरातलं कुणीतरी तिच्या फोनवरून लावत असणार, हे उघड होतं. तरी ते नाव असं लुकलुकताना बघून मी पुढ्यातल्या इडल्या बाजूला सारल्या. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. तात्या माझ्याकडे बघत राहिले.

"उचलू का रं?"

"नको."

"मालन असंल. काय सांगायचं असंल तिला."

"काय सांगणार आहे, तात्या?"

तिसऱ्यांदा वाजला. बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"बंद करून टाका," मी म्हणालो.

तात्यांनी बटण दाबून धरलं. पडदा विझला. लोक म्हणतात फोन तात्यांनी काढून घेतला होता, माझा काय दोष. पण बंद मी करायला लावला. पलीकडून मालनचं रडणं ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. नुसतं 'सिरियस' ऐकत गावापर्यंत पोचावं, एवढीच माझी इच्छा होती. तो सबंध दिवस आम्ही फलाटावर पडून काढला.

बुधवारी मिरजेला गाडी पोचायलाच दहा वाजले. आता मला आशा राहिली नव्हती. सोमवार दुपार ते बुधवार दुपार, या उन्हाळ्यात कोण ठेवणार? चुलतभावानं अग्नी दिला असणार. आज तिसरा दिवस, म्हणजे रक्षा सावडायची. स्टेशनबाहेर एका केशकर्तनालयापुढं तात्या थांबले. पहिल्यांदाच त्यांनी नाटक सोडलं.

"हितंच उरकून घे," ते हळूच म्हणाले. "गावात गेलास की बायका गळ्यात पडतील. न्हावी आता गावात ऱ्हात न्हाई. रक्षेला डोकं केलेलं बरं."

मी खुर्चीत बसलो. न्हाव्यानं फडकं बांधलं. "कशी कापायची?" म्हणाला.

"सगळी काढा. मिशी पण."

त्याचा हात जरासा थांबला. "कोण गेलं?"

"आई गेली," मी म्हणालो.

दोन दिवसांत 'गेली' हा शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता. तो शेवटी मीच बोललो, एका अनोळखी माणसापुढं, मिरजेच्या बाजारात. मग मला रडू आवरेना. न्हावी बिचारा वस्तरा बाजूला धरून उभा राहिला. माझं डोकं हलायचं थांबेपर्यंत तो थांबला आणि मग त्यानं काम पुरं केलं.

वडापच्या जीपनं दोन वाजता गावात उतरलो. मोकळ्या डोक्याला ऊन चावत होतं, म्हणून टॉवेल टाकला. भेटेल तो माणूस माझ्याकडे बघून गप्प व्हायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दु:खाच्या घरी निघालेल्याशी लोक बोलत नाहीतच. घरापुढं मात्र माणसं बसलेली नव्हती. वाटलं, सगळे ओढ्याला रक्षेला गेले असतील, तेवढंही आपल्या हातून गेलं. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "आई गं!" म्हणून मी जो गळा काढला, तो पार वेशीपर्यंत गेला असेल.

आतून मालन पळत आली. तिच्या हातात वाटी होती. मला बघून ती जागीच थिजली.

"अगं बया! दादा, ह्ये काय करून आलास!"

आणि तिच्या मागून, आतल्या अंधारातून, घोगरा आवाज आला.

"कोण गेलं गं मालन? कोण रडतंय?"

तात्या होते तिथंच पायरीवर बसले. मी आत गेलो. कॉटवर आई होती. वाळून काटकी झाली होती, पाय सुजले होते, पण उशीला टेकून बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मी टॉवेल सारखा करायला गेलो, तो खालीच पडला.

"माजं उरकूनच आलास व्हय रं?" आई म्हणाली.

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. मी टॉवेल उचलून पुन्हा डोक्यावर घेतला.

"काढ त्यो. जवळ ये. बगू दे."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात गरम होता. "जावळ काढलं तवा असाच दिसत हुतास," म्हणाली. "नुसतं कान." तिला हसू आलं आणि हसता हसता ठसका लागला. मालननं पाणी पुढं केलं. ते ती घटाघटा प्याली. मालन तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"दादा, काल सकाळपास्नं पाण्याचा घोट न्हवता घेतला तिनं. गोळीबी थुकून देत हुती."

"का?"

"तुजा फोन बंद लागला म्हणून."

हळूहळू सगळं कळलं. आईच्या छातीत पाणी झालं होतं. विट्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तब्येत सिरियस आहे, मुलाला बोलावून घ्या. मालननं शेठना जसंच्या तसं सांगितलं. आई सारखी माझी आठवण काढत होती, हेही खरंच होतं. खऱ्याला दुसरे शब्द उरलेच नव्हते, त्याला मालन तरी काय करणार? मंगळवारी आईनं हट्ट धरला, की रोजच्या वेळेला पोराला फोन लावायचा. चुलतभावानं तिला पाठकुळी घेऊन उंचवट्यावर नेलं. तिनं स्वतः तीनदा लावला. मग बंद. घाबरून मालननं शेठना लावला. शेठ बिचारे म्हणाले, "गाडीत हाय तो. रेंज नसंल."

"शामीच्या पोराचंबी असंच सांगितलं हुतं," आई म्हणाली.

शामाक्का आमच्या शेजारची. दोन वर्षांपूर्वी तिकडं लांब तिच्या मुलाच्या गलाईत सिलिंडर फुटला. मुलगा जागीच गेला. मयत गावात येईपर्यंत सगळे तिला एकच सांगत होते, फोन लागत नाही, रेंज नाही. आम्हा बाहेरच्यांसाठी 'सिरियस' होतं, तसं गावातल्या म्हाताऱ्यांसाठी हे होतं.

"म्हटलं, आता ही मला सांगत न्हाईत," आई म्हणाली. "पोरगंच ऱ्हायलं न्हाई, तर म्या कशाला गोळ्या खाऊ?"

दोन दिवस मी तिला गेलेली समजत होतो आणि दीड दिवस ती मला गेलेला. दोघांचेही फोन धड होते, माझा नुसता बंद केलेला. वाटीतली पेज मी तिला भरवली. तिनं ती सगळी खाल्ली, वर थोडं मीठ कमी आहे म्हणाली. तात्या आत येऊन तिच्या पायाशी बसले आणि हात जोडून म्हणाले, "हौसाक्का, माजं चुकलं. म्याच डोकं करायला लावलं."

"तुज्या डोक्यावर हाईत की केसं," आई म्हणाली. "सोबतीला आलास तर तूबी करायचं."

मी तीन आठवडे राहिलो. आई सुधारली, अंगणात येऊन बसायला लागली. गावानं माझी सालटी काढली. पारावरून जाताना कुणीतरी ओरडायचं, "रावसाहेब, तेराव्याचं आवतान कवा?" आईला कळलं की ती खुदुखुदु हसायची. तिनंच हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून सांगून पिकवला. एकदा मात्र मालनला समोर बसवून म्हणाली, "हे बग, म्या मेले की मेले म्हणून सांग. सिरियस-बिरियस नगं. पोराला दोनदा डोस्कं करायला लावू नगंस. घे शपथ." मालन गप गप म्हणत होती, पण आईनं तिला शपथ घ्यायला लावलीच.

मी मदुरैला परतलो. पुन्हा सातचा फोन सुरू झाला. आता आई उंचवट्यावर चढत नव्हती. मालन नवऱ्यासकट तिच्याजवळच राहायला आली होती; तो तिला पाठीवर घेऊन जायचा, आणि जमेल त्या दिवशीच. फोन उचलला की आधी म्हणायची, "हाय बरं का अजून." मग जेवण, मग पाऊस. मला त्या दोन मिनिटांचा कंटाळा यायचा बंद झाला होता.

दिवाळीला आठ दिवस असताना एके सकाळी सातचा फोन आला नाही. तसा तो अधूनमधून चुकायचा. भट्टी पेटली. मी फोन डब्यात टाकला नाही, मांडीखाली ठेवला. शेठनी बघितलं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. अकरा वाजून गेल्यावर फोन वाजला. मालननं ह्या खेपेला सरळ मलाच लावला होता.

"दादा, आई सिरियस हाय. निघून ये."

माझी पाठ भिंतीला टेकली. मुशीत सोनं पातळ झालं होतं.

"मालन," मी म्हणालो, "तू शपथ घेतली होतीस."

मग ती पुन्हा म्हणाली, "सिरियस हाय, दादा."

"आठवण काढतेय?"

फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. तिनं उंचवट्यावरून फोन केला असेल, तर आई तिथं नव्हती. मी म्हणालो, "जिथं रेंज पुरेल तिथपर्यंत घरात जा. परसदाराच्या खिडकीत कधीमधी थोडी येते. तिथून तिच्या कानाला फोन लाव."

"दादा, आता कशाला..."

"लाव म्हणतो ना."

चालल्याचा आवाज आला. दार करकरलं. आत बायका हळू आवाजात बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. कॉट ओढल्याचा आवाज आला. मालन म्हणाली, "लावलाय. बोल."

मी बोललो. भट्टीपुढं बसून, गिऱ्हाईक बघत असताना, शेठ दारात उभे असताना बोललो. आई, मी निघालोय, म्हणालो. आजच्याच गाडीनं. फोन माझ्याकडंच आहे आणि बंद करणार नाही. ह्या खेपेला डोकं न करता येतोय, तू बघ. मग काय बोलावं सुचेना. इकडं पाऊस आहे गं, म्हणालो, खरंच आहे, दोन दिवस झाले. पलीकडं कुणी हूं की चूं केलं नाही. मी तरी बोलत राहिलो, फोन गरम होईपर्यंत.

शेवटी मालनचा आवाज आला.

"ऐकलं दादा तिनं."

आई त्याच दिवशी गेली, बुधवारी. किती वाजता गेली, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मालनला तर मिनिटासकट माहीत असणार. सोळा वर्षं झाली, मी तिला विचारलेलं नाही. वर्षश्राद्धाला कुणी वेळेचा विषय काढायला लागलं, की मी पानावरून उठतो आणि हात धुवायला बाहेर जातो.